दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचे पोर्ट

दसऱ्याच्या दिवशी माझं दुकान बंद असतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. यात माझी काही करामत नाही. रायपुरात दसऱ्याला तलवारी पुजणारे आता किती उरलेत कोण जाणे, पण कॉम्प्युटर पुजणारे घरोघरी आहेत. हत्यार ते हत्यार. वकिलाचं असो, दातांच्या डॉक्टरचं असो, सिमेंटच्या व्यापाऱ्याचं असो. सकाळी आंघोळ झाली की त्याला हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि वरून गंगाजलाचे शिंतोडे. मॉनिटरला टिळा लावला तर काही बिघडत नाही, ओल्या कापडानं पुसला की गेला. पण माणसाला पूजा करताना समोर तोंड लागतं. कॉम्प्युटरचा जो उभा डबा असतो, ज्याला दुकानदार कॅबिनेट म्हणतात आणि बाकी सगळं जग सीपीयू म्हणतं, त्याच्या पुढच्या बाजूला दोन आडव्या फटी असतात. भक्ताला त्यातच तोंड दिसतं. तिथे तो ओल्या अक्षता दाबून चिकटवतो आणि हात जोडतो.

त्या दोन फटी म्हणजे यूएसबीचे पोर्ट. माझी निम्मी हयात त्या फटींत डोकावण्यात गेली.

आम्ही बौद्ध. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरी पांढरे कपडे, सकाळी विहार, आणि गाडीत जागा मिळाली तर नागपूर. माझ्या दुकानात यंत्राला कधी कुंकवाचं बोट लागलेलं नाही, आणि तरी दुकान चालतं ते कुंकवावरच. एका वर्षी एकाच्या पोर्टातून मी अर्धी वाटी निघेल एवढा तांदूळ काढला, म्हणजे निदान मला तरी तसं वाटलं, आणि घरी जाऊन हसत हसत आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्याईच्या भक्तीवर तू भाकर भाजून राहिली न? मंग हासतं काहून?" तेव्हापासून मी गिऱ्हाइकासमोर हसत नाही. ते गेल्यावर हसते.

शंकर नगरमध्ये माझं दुकान आहे. आत येणारा माणूस मला काउंटरवर पाहतो, माझ्या खांद्यावरून मागे पाहतो आणि विचारतो, "दीदी, भैया कहाँ हैं?" पूर्वी मी समजावून सांगत असे की दुरुस्ती मीच करते. आता मी म्हणते, "भैया मैं ही हूँ, बोलिए." यावर माणूस जरा गोंधळतो आणि तेवढ्या वेळात मी डबा उघडलेला असतो.

ज्यांनी कधी डबा उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कंटाळा आला तर परिच्छेद ओलांडून जा. कॅबिनेटच्या तोंडावरचा पोर्ट हा नुसता दरवाजा आहे. त्याच्या मागे आतून एक वायर निघते आणि ती मदरबोर्डवर, म्हणजे ज्या मोठ्या पाटीवर सगळं बसवलेलं असतं तिच्या खालच्या कडेला, जाऊन बसावी लागते. तिथे दोन ओळींत नऊ पिना उभ्या असतात. दहावीची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि वायरच्या टोकाला त्याच जागी भोक बुजवलेलं असतं, म्हणजे ते टोक एकाच बाजूनं बसेल. इतकी सोय करूनही लोक उलटं बसवतात. हिंमत असली की काहीही बसतं. नव्या डब्यांत निळ्या पोर्टाची एक जाड वायर येते, तिच्या पिना दुप्पट आणि फार नाजूक. ती तिरकी दाबली की पिना आडव्या होतात आणि मग भिंग लावून एकेक उभी करत बसा.

आता या धंद्यातलं एक गुपित फोडते. या शहरातल्या कितीतरी डब्यांचे समोरचे पोर्ट आत कुठेच जोडलेले नसतात. जोडणाऱ्याला घाई असते, वायर आखूड पडते, किंवा पुढे कटकट नको म्हणून तो ती वायर गुंडाळून कोपऱ्यात ठेवून देतो. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह समोर लावतं, काही होत नाही, फोन करतं. पलीकडून उत्तर येतं, "पीछे लगाओ." हे आमच्या व्यवसायाचं घोषवाक्य समजा. माझ्या हातून जोडलेला डबा असा कधी बाहेर गेला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

धंद्यात निदानंही ठरलेली. काहीही झालं तरी पहिलं निदान 'विंडोज डालना पड़ेगा', आणि त्यानं भागलं नाही तर दुसरं 'मदरबोर्ड गया'. तिसरं निदान मी तरी ऐकलेलं नाही. दसऱ्यानंतर मात्र एक खास दुखणं येतं. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते, तिचा अर्थ असा की यूएसबीत वीज नको तितकी वाहते आहे, आता मी बंद पडतो. आणि काही सेकंदांत तो खरंच बंद पडतो. पुन्हा लावा, पुन्हा तीच ओळ. कारण साधं असतं. पोर्टाच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. ओला तांदूळ, हळद, गंगाजल असलं काही त्यांच्यात गेलं, किंवा पट्टी वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकली, की शॉर्ट होतो, आणि मदरबोर्ड स्वतःचा जीव वाचवायला सगळंच बंद करतो. एका पोर्टाच्या पायी अख्खं यंत्र. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात तर कंपाउंडरनं यंत्राला नजर लागली म्हणून त्याच्यावर लिंबूही कापलं होतं. लिंबाचा रस पुन्हा त्याच पोर्टात. मी फक्त आंबट वास कुठून येतोय ते दाखवलं.

या सगळ्यात मला आठवत राहते ती अभनपुरची वंदना.

तिचा पहिला फोन आला तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि दिवाळीची झाडझूड चालू होती. आवाज अनोळखी, पण मराठी. इथे फोनवर मराठी ऐकलं की मी हातातलं काम खाली ठेवते. माझी स्वतःची पोरगी मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देते, त्यामुळे अनोळखी माणसाचं मराठी मला जास्त गोड लागतं.

"दीदी, माह्या सेंटरचा समोरचा पोर्ट चालत नाही," ती म्हणाली.

मी सवयीनं तोंड उघडलं होतं, पण तिनं बोलू दिलं नाही.

"मागं लावा असं मात्र सांगू नका. सगळे तेच सांगतात. मागं माहा हात पोचत नाही."

मग तिनं सांगितलं ते असं. माहेर गोंदियाचं, सासर अभनपुरात. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत लोखंडी पट्ट्या, काखेत काठी. नवरा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. बाजाराच्या रस्त्यावर घराला लागूनच खोली, त्यात तिचं ऑनलाइन कामांचं सेंटर. धानाची नोंदणी, जातीचे दाखले, आणि सगळ्यात जास्त म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनीसाठी अंगठा घेणं. खुर्चीत बसलं की ती दिवसभर काम ओढते. पण खाली वाकून टेबलाखाली शिरणं तिच्या पायांना जमत नाही.

आणि अंगठ्याचं यंत्र असं की ते दिवसातून कितीदा तरी अडकतं. जन्मभर चिखलात रोपं लावून म्हाताऱ्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. दोन-तीनदा दाबूनही यंत्राला समजत नाही आणि मग ते झोपतं. उपाय एकच, वायर उपटायची आणि पुन्हा लावायची. समोर पोर्ट असताना हे काम ती बसल्या जागी करायची. समोरचा पोर्ट गेल्यापासून यंत्र मागच्या पोर्टाला लावलेलं होतं, म्हणून प्रत्येक वेळी तिला दिराला हाक मारावी लागायची.

"डबा फिरवून घ्या ना, तोंड तिकडे अन् पाठ तुमच्याकडे," मी म्हटलं.

"फिरत नाही दीदी. पिंजऱ्यात आहे."

बाजारात एकदा चोरी झाली तेव्हा दिरानं वेल्डरकडून लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला होता, टेबलालाच जोडलेला. पुढे पोर्टापुरती आणि बटणापुरती खिडकी. बाकी सगळं बंद, दाराला कुलूप, आणि किल्ली दिराच्या खिशात. लांब वायर लावून पाहिली होती, तर यंत्र अर्ध्या अंगठ्यात विझायचं.

दीर म्हणजे महेंद्र. शेजारीच त्याचं खत-बियाण्यांचं दुकान. तो यायचा, पण त्याच्या सवडीनं. तोपर्यंत म्हाताऱ्या बाहेर उन्हात. आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचा की वहिनीच्यानं आता हे होत नाही, दिवाळीनंतर धानाची गर्दी सुरू होईल त्याआधी सेंटर माझ्या नावावर करून घेऊ. सासू मान हलवायची. नवरा ताटावरून मान वर करायचा नाही. सेंटर तिच्या नावावर असल्यामुळे सकाळी कॉम्प्युटर उघडायला तिचंच बोट लागत होतं. ते एकदा ठेवलं की पुढे दिवसभर तिची गरज नाही, असं घरात हळूहळू ठरत चाललं होतं.

"गावातल्या दोघांनी पाहिलं, दोघंही म्हणाले मदरबोर्ड गेला," ती म्हणाली. "मले काही समजत नाही त्यातलं. पण तुम्ही एकदा येऊन पाहा. गेला असन तर गेला म्हणा, मंग मी गप बसतो."

ते 'गप बसतो' मला ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धं उघडून अर्धं बंद करून मी स्कूटीवर अभनपुरला गेले.

सेंटर नीटनेटकं होतं. भिंतीला फ्लेक्स, बाहेर बाक, बाकावर तीन-चार म्हाताऱ्या. वंदना चाळिशीची, आवाजावरून वाटली त्यापेक्षा बारीक, नजर मात्र खणखणीत. आणि तो पिंजरा! एवढं लोखंड तर आमच्या सोसायटीच्या फाटकाला नसेल. आत बिचारा डबा काळवंडून बसला होता.

"चावी?" मी विचारलं.

"भाऊजी धमतरीले गेले, माल आणायले. म्हणाले होते, जाण्याआधी देऊन जातो."

"मंग?"

"विसरले," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "विसरलेच असतील."

मी कुलूप हलवून पाहिलं. चांगल्या कंपनीचं होतं. वडील रेल्वेच्या डब्यांची दारं दुरुस्त करायचे आणि त्यांनी मला शिकवलेलं काम एवढंच की दार बंद असेल तर आधी बिजागरीकडे बघ. वेल्डरनं पिंजरा मजबूत केला होता, पण दाराच्या बिजागऱ्या नट-बोल्टवर होत्या आणि नट बाहेरच्या बाजूला. मी पिशवीतून पाना काढला. वंदनाचा चेहरा उतरला.

"दीदी, भाऊजी रागावतील."

"सेंटर कोणाच्या नावानं आहे?"

"माह्या."

"अन् टेबल?"

"टेबल माह्या बाबानं देलं. गोंदियावरून टेम्पोत आणलं होतं."

"मंग पाना फिरवायले कोणाले विचारू?"

तिनं त्या कुलपाकडे पाहिलं. बाहेर बाकावरची एक म्हातारी खोकली. वंदना म्हणाली, "फिरवा."

नट गंजले नव्हते. दार बिजागरीच्या बाजूनं सुटलं आणि कुलपाच्या आधारानं उलटं उघडलं. कुलूप जसंच्या तसं बंद. मी डबा ओढून टेबलावर घेतला, त्याचं बाजूचं झाकण काढलं. आत धूळ, एक मेलेली पाल, आणि समोरच्या पोर्टाची वायर काळी टेप गुंडाळून बाजूला बांधलेली. म्हणजे आलेल्या दोघांपैकी कुणीतरी एकानं दुखणं ओळखलं होतं. वायर काढली तर कॉम्प्युटर चालतो, एवढं त्याला कळलं होतं. पुढे पोर्ट उघडून बघायचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्यानं मदरबोर्ड मारून टाकला. मी टेप सोडली, वायर नऊ पिनांवर बसवली, कॉम्प्युटर लावला. काळ्या पडद्यावर तीच ओळ, आणि बंद. मला बरं वाटलं. दुखणं पोर्टातच आहे हे नक्की झालं.

मोबाईलचा उजेड पोर्टात मारला. डावीकडच्यात अपेक्षेप्रमाणे तांदळाचे दोन दाणे, कुंकवानं लाल झालेले. ते चिमट्यानं काढले. उजवीकडचा वरवर साफ दिसत होता, पण अगदी आत काहीतरी काळं टोक होतं. चिमटा सरकत होता, पकड येत नव्हती. मी वंदनाकडे सुई मागितली. तिनं साडीची पिनच काढून दिली. पिनेनं हळूहळू मोकळं केलं आणि चिमट्यानं ओढलं, तर बोटाच्या पेराएवढी बांबूची काडी बाहेर आली. एका टोकाला काळा मसाला. वास घेतला. मोगरा.

मी पोर्टातून काय काय काढलेलं आहे. तांदूळ, फुलाची पाकळी, एकदा तर प्रसादाचा साखरफुटाणा. पण अगरबत्ती पहिल्यांदाच. पोर्टाची फट आणि अगरबत्तीची काडी यांचं माप इतकं जुळतं की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही याचंच मला नवल वाटलं. गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही हा माझा नियम त्या दिवशी मोडला. मी पोट धरून हसले. वंदनाला आधी कळेना, मग तिनं काडी हातात घेतली.

"ही तर आमच्या घरची आहे," ती म्हणाली.

"कोणी लावली?"

"भाऊजीनं. दसऱ्याले पूजा तेच करतात, मले वाकता येत नाही म्हणून. स्टँड सापडला नव्हता." ती आठवत आठवत बोलत होती. "मी शिरा घेऊन आली तर मशीनच्या तोंडातून धूर निघून राहिला होता. बिडी ओढल्यावानी. मले वाटलं, असंच असते. पूजेत मधात काय बोलायचं?"

"मग काडी मोडली असेल काढताना."

"हो. खटकन आवाज आला होता." तिनं काडी टेबलावर ठेवली. मी पाहिलं तर तिचे कान लाल झाले होते. "दीदी, म्हणजे इतके दिवस मी ज्याले हाक मारून राहिली, जो मले म्हणे की तुमच्यानं होत नाही, त्याच्याच अगरबत्तीनं?"

"त्याच्याच."

"अन् मी घरच्यांचं ऐकून अर्धी मानूनही गेली होती की माह्या हातूनच काही बिघडलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. मला तर वाटलं ती काठी उचलून थेट धमतरीला निघते की काय. मी तिला शांत केलं नाही. राग खरा होता आणि कामाचाही होता.

काडीनं उजव्या पोर्टाच्या दोन पट्ट्या वाकवून पत्र्याला टेकवल्या होत्या आणि निखाऱ्यानं थोडं प्लास्टिकही वितळवलं होतं. तो पोर्ट गेलाच. मी त्याच्या वायरी आतून सोडवल्या, एकेक टोकाला टेप लावली आणि तोंडाला बूच मारून टाकलं. डावा पोर्ट ब्रशनं आणि स्पिरिटनं साफ केला. मग माझ्याकडे एक म्हातारा माउस असतो, तो आधी लावला. दुरुस्त केलेल्या पोर्टाची परीक्षा नेहमी अशा जिनसेवर घ्यायची, जी मेली तरी घरात रडारड होणार नाही. कॉम्प्युटर लावला. ती ओळ आली नाही. माउसच्या पोटात लाल दिवा लागला. माझा जीव भांड्यात पडला, कारण एवढं हसून झाल्यावर पोर्ट चालला नसता तर माझीच शोभा झाली असती.

डबा पिंजऱ्यात परत ठेवत होते तेवढ्यात धमतरीहून महेंद्र आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर सगळं गाव माझ्यावर चालतं असा भाव. त्यानं आधी पिंजऱ्याचं उलटं उघडलेलं दार पाहिलं.

"ताला किसने खोला?"

"ताला तो बंद है भैया," मी म्हटलं. "देख लीजिए."

त्यानं खरंच जाऊन कुलूप ओढून पाहिलं. बाकावरच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हलायला लागल्या. मी टेबलावरची काडी उचलून त्याच्या हातात ठेवली आणि ती कुठून निघाली ते सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं काडी पाहिली, पोर्ट पाहिला, आणि त्याचा चेहरा पडला.

"हमने तो श्रद्धा से लगाई थी, दीदी."

"श्रद्धा पे मुझे कुछ नहीं कहना है. छेद पे कहना है."

"तरीपण," आता तो वंदनाकडे वळला आणि मराठीवर आला, कारण घरातलं भांडण घरातल्या भाषेत असतं, "वहिनी, आज सुधरलं, उद्या मंग बिघडन. धानाचा सीझन येऊन राहिला. तुमच्यानं हे नाही होत, मी काही वाईट म्हणून नाही सांगून राहिलो."

वंदनानं अंगठ्याचं यंत्र हातात घेतलं, खुर्चीतून जराशी पुढे झुकली आणि वायर समोरच्या पोर्टात स्वतः लावली. यंत्राची काच उजळली. मग तिनं बाहेर हाक मारली आणि पहिली म्हातारी आत आली.

तिचा अंगठा पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा यंत्र झोपलं. महेंद्र सवयीनं टेबलाकडे सरकला. वंदनानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात लांबवून वायर उपटली, परत लावली, म्हातारीचा अंगठा आपल्या पदरानं पुसला, वरून स्वतःचं बोट दाबून धरलं. यंत्र वाजलं.

"लगिस का, नोनी?" म्हातारीनं विचारलं. लागला का, पोरी.

"हव दाई, लग गे."

मी बिजागरीचे नट आवळत खाली बसले होते. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं होतं, आता निघायला हरकत नव्हती. पण खरं सांगते, मी ते नट उगाचच हळूहळू आवळत राहिले. दुसरी म्हातारी झाली, तिसरी झाली. प्रत्येकीच्या वेळी वायर निघत होती आणि लागत होती आणि कुणाला हाक जात नव्हती.

महेंद्र अजून तिथेच उभा होता. मग कळलं की त्यालाही काम आहे. त्याच्या जमिनीच्या नोंदणीचा अंगठा राहिला होता, त्याच्याविना त्याचं धान सरकारी खरेदीला सोसायटीत जाणार नव्हतं, आणि अंगठ्याचं यंत्र गावात याच सेंटरवर. एवढे दिवस बहुधा त्याला वाटत असावं की सेंटर आपल्या नावावर झालं की आपलं आपणच करून घेऊ. त्यानं कागद काढून टेबलावर पुढे सरकवला.

वंदनानं तो उचलून परत त्याच्याकडे दिला.

"लाइनीत या, भाऊजी."

तो माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी मध्ये पडणार. मी नटात गुंतलेली होते. बाहेर आणखी दोघी येऊन बसल्या होत्या, त्यांच्यामागे तो जाऊन उभा राहिला. बाकावर जागा होती, पण तो बसला नाही. एक म्हातारी त्याला म्हणाली की बस ना बाबू, तर तो हरभऱ्याच्या बियाण्यांच्या भावाबद्दल काहीतरी पुटपुटला.

त्याची पाळी आली. खुर्ची ओढून तो वहिनीसमोर बसला, मुकाट्यानं उजवा अंगठा काचेवर ठेवला. तिनं त्याचा कागद वाचला, नंबर टाकला, आणि बटण दाबायच्या आधी थांबली.

"अंगठा तिथंच राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "दुसऱ्या हातानं खिशातली किल्ली काढा."

"कोणती?"

"पिंजऱ्याची."

डाव्या हातानं उजव्या खिशातली किल्ली काढणं म्हणजे कसरतच. बराच वेळ लागला त्याला. शेवटी किल्ली टेबलावर पडली, वंदनानं ती आपल्या बाजूला ओढून घेतली आणि बटण दाबलं. यंत्र वाजलं.

"झालं तुमचं," ती म्हणाली आणि दाराकडे बघून जोरात हाक दिली, "कोण आहे पुढे? या आत."